बुडून मरणारा मासा

"पाणी जास्त टाकू नको रे पोट्ट्या, बुडून मरंल ते."

माशाबद्दल असं बोलणारं माणूस मला अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या काठी भेटेल, तेही मराठीत, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एका कॅटफिशला मोजपट्टी लावत गुडघ्यावर बसले होते. वळून पाहिलं तर धोतर नाही, टोपी नाही; मुलाचं वाटावं असं ढगळ जाकीट घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ आणि दहा-अकरा वर्षांचा नातू. मध्ये निळी बादली. बादलीत जेमतेम चार बोटं पाणी आणि वरून हिरव्या शेवाळाचा ओला थर.

हातातलं काम टाकून तिकडे धावता येत नव्हतं, कारण समोरचा मासाही मोजायचाच होता.

माझं काम मोजणीचं. मी रत्नागिरीची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. लग्नानंतर मेरीलँडला आले आणि इथल्या हौशी मासेमारांच्या सर्वेक्षणात हंगामी नोकरी धरली. धक्क्याधक्क्यांवर जायचं, गळ टाकून बसलेल्यांशी बोलायचं. किती तास बसलात, काय मिळालं, किती ठेवलं, किती जिवंत सोडलं. मी डोळ्यांनी पाहून मोजलेला मासा एका रकान्यात, माणसाने नुसता सांगितलेला दुसऱ्यात. कोणाचं नाव फॉर्मवर लिहायचं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. आम्ही पोलीस नाही आणि उपदेशकही नाही. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आकडा घ्या, मत देऊ नका.

तो जूनमधला शनिवार होता. मॅटावुमन क्रीक वॉशिंग्टनच्या खाली तासाभराच्या अंतरावर पोटोमॅकला मिळते. कोकणातल्या माणसाला खाडी म्हटली की खारं पाणी आणि कांदळ आठवतं. इथे चेसापीक उपसागराची भरती शंभराहून अधिक मैल आत, थेट वॉशिंग्टन शहरापर्यंत चढते आणि दिवसातून दोनदा पाणी वरखाली होतं, पण पाणी गोडं. पहिल्या वर्षी मी ओंजळीत घेऊन चाखून पाहिलं होतं. गोड्या पाण्याला भरती-सुकती असते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि जिभेला कळणं वेगळं.

समोरचा मासा धक्क्यावरच्या नेहमीच्या आजोबांचा होता. बसचालक म्हणून निवृत्त झालेले, कृष्णवर्णीय, चार रॉड मांडून बसणारे. शॅड माशाचे तुकडे गळाला लावतात आणि माझ्यासाठी नेहमी एक जास्तीची खुर्ची आणतात. त्या दिवशी त्यांच्याकडे तीन ब्लू कॅटफिश होते, सर्वांत मोठा 97 सेंटिमीटरचा. आपल्या शिंगाळ्यासारख्याच मिशा, तसेच अडकून बसणारे काटे. मी पोटाखालच्या पराचे काटे मोजत होते. तीसच्या वर भरले म्हणजे ब्लू. पंचविसाच्या आत भरले असते तर इथला मूळचा व्हाइट कॅटफिश ठरला असता, पण तो आता क्वचितच हाती लागतो. मासा कुशीवर वळवला तसा पोटातून खुळखुळ आवाज आला. आत शिंपले भरले होते. समुद्राकडे खाली गेलं की याच पोटांत खेकडे सापडतात.

हा मासा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. 1974 पासून व्हर्जिनियाने तो आपल्या नद्यांत स्वतःहून सोडला, गळकऱ्यांना मोठा मासा मिळावा म्हणून. गोड्या पाण्यातच राहील असं धरलं होतं, पण त्याला मचूळ पाणीही मानवलं आणि तो नदीनदीतून पसरत इथवर आला. आता तो जितका काढाल तितका हवा आहे. अडचण अशी की मोठ्या माशाचा फोटो काढून त्याला परत सोडणारेही पुष्कळ आहेत, आणि घरी न्यावा तर फार मोठ्या कॅटफिशच्या चरबीत पीसीबी नावाचं कारखान्यांतलं विषारी रसायन साठलेलं असतं, त्यामुळे आरोग्य खातं लहान मासेच खा म्हणतं. आजोबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. मोठा ते खताला नेतात, लहान दोन तळतात.

आकडे टाकले आणि मी बादलीकडे गेले.

"काका, नमस्कार. काय मिळालं?"

ते क्षणभर बघतच राहिले. "तुमी मराठी?"

"रत्नागिरीची."

"आमी भंडाऱ्याचे." मग एकदम आवाज खाली आणून, जणू बादलीतल्याला ऐकू जाईल, "पाय बाई, मरळ हाय. अमेरिकेत मरळ!"

त्यांनी शेवाळ दोन बोटांनी बाजूला केलं. चपटं, सापासारखं डोकं, खालचा जबडा पुढे, अंगावर अजगरासारखे काळपट डाग. माशाने तोंड वर काढून हवेचा घोट घेतला, तोंड मिटलं आणि पुन्हा चार बोटं पाण्यात निवांत पडला. मरळीला कल्ल्यांबरोबर डोक्यात हवेसाठी वेगळा कप्पा असतो. वर येऊन हवा घेता आली नाही तर ती पाण्यात गुदमरते. म्हणून पाणी थोडं, आणि अंग ओलं राहावं म्हणून वर शेवाळ. कॉलेजात हे आम्हाला आकृती काढून शिकवलं होतं. काकांना ते वडिलांकडून मिळालेलं. ते ढीवर समाजाचे. भंडाऱ्याच्या तलाव-बोड्यांवर घरच्यांचा जन्म गेला आणि मुलगा शिकून इकडे आला. रॉड नातवाचा होता, लायसन्सची अट सोळा वर्षांपासून, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. प्रश्न बादलीचा होता.

मासा जिवंत होता, आणि काका तो तसाच घरी नेणार होते. मरळ जिवंतच न्यायची असते, मेलेली कोण घेतो?

इथे मला साहेबांचं बजावणं आठवलं आणि मी ते बाजूला ठेवलं. गणवेशातला माणूस येऊन परक्या भाषेत सांगण्याआधी कोणीतरी मराठीत सांगायला हवं होतं.

"काका, ही मरळ जिवंत नेता येत नाही. गुन्हा आहे. इथेच मारायची, मग खुशाल न्या."

"काहून?"

मी बसले आणि सांगितलं. ही आपली मरळ नव्हे, तिची चीन-कोरियाकडची बहीण. बर्फाखालीसुद्धा हिवाळा काढते. 2002 मध्ये इथून जवळच क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात ती सापडली. एका माणसाने आजारी बहिणीला सूप करून द्यायला न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे मागवले होते. मासे यायच्या आत बहीण बरी झाली. त्याने ते काही दिवस पाळले आणि मग तळ्यात सोडून दिले. सरकारने त्यांना मारायला तळ्यात विष घातलं तेव्हा हजारावर पिल्लं वर आली. पोटोमॅकमध्ये 2004 साली मिळाली ती या तळ्यातली नव्हती, पण तीही कोणीतरी अशीच जिवंत आणलेली असणार. आता राज्याने तिला 'चेसापीक चॅना' असं नवं नाव दिलं आहे, लोकांनी आवडीने खावी म्हणून.

"आजारी मानसाले मरळ," काका म्हणाले. "आमच्याकडंबी देतात. मिरगाले हैदराबादेत दम्यावाल्याईले जित्तं पिल्लू गिळवतात." त्या क्रॉफ्टनच्या माणसाचं त्यांना काही नवल वाटलं नाही. मलाही कधी वाटलेलं नाही. माझ्या आजीनेही तेच केलं असतं.

पुढे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मासा मानेपाशी पकडला, अंगठा एका कल्ल्यात, आणि सुरीच्या पाठीने डोक्यावर नेमका एक घाव. मग कल्ले कापले. मी पट्टी लावली, 66 सेंटिमीटर. शेवाळ मी त्यांना तिथेच टाकायला लावलं. ती हायड्रिला नावाची पाणवनस्पती होती, तीही बाहेरची, 1982 मध्ये या नदीत सापडलेली. "सगळंच बाहेरून आलं काय इथं?" काका म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

नळाच्या ओट्यावर त्यांनी मरळ साफ करायला घेतली तेव्हा बसवाले आजोबा उठून जवळ आले. हा मासा त्यांना अधूनमधून मिळतो, पण चिकटपणामुळे हातात ठरत नाही, म्हणून ते मारून टाकून देत. काकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी काठावरच्या चुलीतली राख मूठभर आणली, माशाला चोळली आणि सुरी आजोबांच्या हातात दिली. मानेपाशी गोल चीर, मग कातडी अंगातला सदरा ओढावा तशी मागे ओढायची, हे सगळं हातवाऱ्यांनी. खालचं मांस पांढरंशुभ्र निघालं. पोटातून किलीफिश नावाचे बोटभर लांब चार लहान मासे निघाले, एक अजून चकाकत होता. आजोबांनी काकांच्या माशासाठी आपला बर्फ दिला. मी त्या धक्क्यावर काही हंगाम काढले आहेत. तिथे टाकून दिली जाणारी ती मरळ पहिल्यांदा कोणाच्या तरी जेवणात जाताना पाहिली.

दुपारी पाणी भरलं. मी निघायच्या तयारीत होते तेवढ्यात नातू ओरडला.

कमळासारख्या रुंद पानांच्या कडेला पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखे ठिपके उठत होते, आणि आभाळ तर स्वच्छ. पिल्लं होती ती, शेकड्याने, हवा घ्यायला वर येणारी. काका वाकून म्हणाले, "आमच्याकडं लालभडक असतात, हे भुरकट हायत." नातवाने रबरी बेडूक त्या ठिपक्यांवरून ओढला. दुसऱ्या खेपेला पाणी फुटलं. खालून राखण करणारी मरळ आली होती.

ती धक्क्यावर आली तेव्हा आधीच्यापेक्षा मोठी दिसली. नातवाने सुरी आणून दिली. काकांनी ती घेतली नाही.

"पिल्लं हायत तिच्यासंग. अशा मरळीले आमी हात नाही लावत. माह्या बापानं नाही लावला."

मी म्हटलं, "काका, इथे अशीच आधी काढा म्हणतात. राखण गेली की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात."

"तिनं बिघडवलं काय, ते सांग."

हा प्रश्न मला आवडला, कारण कोणी विचारत नाही. मी मेरीलँडमधल्याच ब्लॅकवॉटरच्या पाणथळीचं सांगितलं. तिथे 2006-07 मध्ये मासे मोजले होते आणि ही पसरल्यावर 2018-19 मध्ये पुन्हा मोजले. 21 जातींपैकी 17 कमी झाल्या. सगळा दोष हिच्याच माथी मारता येत नाही हेही सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या तलावांत विदेशी मांगूर आला, तिलापिया आला. त्यांनी काय केलं?"

काका गप्प झाले. ओल्या फळीवर मरळीच्या पाठीवर त्यांचा हात होता आणि ती मधूनच तोंड उघडून हवा घेत होती.

"आमची मरळच गेली," ते म्हणाले. "पोटचा धंदा होता."

मला वाटलं, आता सुरी घेतील. त्यांनी गळ सोडवला, इतक्या हलक्या हाताने की ओठ फाटला नाही, आणि तिला पानांच्या बाजूला पाण्यात सरकवलं. "तुझं बरोबर असंल बाई. पन आज माह्या हातून नाही होत."

माझं मत विचाराल तर ती मारायला हवी होती, आजही तेच म्हणेन. त्या पिल्लांतली किती जगतील आणि काय काय खातील हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे पावसाच्या तोंडावर होड्या किनाऱ्याला ओढतात, जून-जुलै समुद्रात जात नाहीत, म्हणून श्रावणानंतर जाळं भरतं. काकांच्या हाताला लागलेलं वळण त्याच कुळातलं आहे. त्याच्या जोरावर भंडाऱ्याच्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मरळ टिकली. ते वळण एका दुपारी मोडून टाका, असं त्यांच्या तोंडावर म्हणायला मला शब्द सापडले नाहीत.

नातू माझ्या टॅबमध्ये डोकावत होता. ठेवलेले, 1. जिवंत सोडलेले, 1.

"दुसरी लिहिली? मोजली नाहीस ना पण."

"न मोजलेलीसुद्धा लिहितात. लांबीची जागा रिकामी ठेवायची."

पाणी उतरायला लागलं होतं. ठिपके पानांच्या आतल्या बाजूला सरकले, आणि काका बादली हातात धरून ते दिसेनासे होईपर्यंत कठड्याशी उभे राहिले.