२०१६ : माझे चार सिनेमे

मी काही दर्दी नाही. इफ्फीचा, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास घेऊन मिळेल ते बघणाऱ्यांतलाही नाही. सुट्टी असली आणि घरचे तयार झाले, की फोंड्याहून पणजी गाठायची, इतकंच. तरी २०१६ सालासारखं साल पुन्हा आलं नाही.

पहिला नंबर ‘व्हेंटिलेटर’चा. ‘सैराट’चा नाही, मित्र भांडले तरी! राजेश मापुसकरांनी गणपतीच्या तोंडावर अख्खं कामेरकर खानदान हॉस्पिटलात आणून बसवलंय. आत गजूकाका व्हेंटिलेटरवर, बाहेर चहा, उखाळ्यापाखाळ्या आणि सल्ले. आमच्याकडेही चवथीला मूळ घरी हेच. माटोळी, म्हणजे गणपतीवरचा फळा-भाज्यांचा मांडव, बांधता बांधता जमिनीचा विषय निघतो आणि दोन काका एकमेकांशी बोलायचे बंद होतात. आशुतोष गोवारीकर इतका चांगला नट आहे हे मला तेव्हा कळलं. बाप-लेकांच्या प्रसंगांना माझे वडील चष्मा पुसत होते, एसीमुळे म्हणे.

‘सैराट’चा शेवट आवाज काढून घेतो. अजय-अतुलच्या गाण्यांवर नाचलेलं थिएटर बाहेर पडताना गप्प होतं. मी तो दुसऱ्यांदा पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

‘नटसम्राट’ मामासाठी. जत्रेतल्या नाटकात रंग लावणारा माणूस, नाना पाटेकरच्या आधी स्वतःच स्वगत म्हणायला लागला. पुढच्या रांगेतल्या बाई वळून वळून बघत होत्या.

आणि ‘डिअर जिंदगी’. जरा लांबलाय. पण शाहरुख आणि आलिया समुद्राशी कबड्डी खेळतात, ते आवडलं. आपल्या गोव्यात दारू-पार्टी सोडून काही घडू शकतं, हे हिंदीवाल्यांना एकदाचं सुचलं.