विचारलं तर चालेल ना?

मिरजेला नर्सिंग शिकत असताना एक गोष्ट आम्हाला कुणी शिकवली नाही, ती आपोआप अंगात भिनली. पेशंट डॉक्टरांना काही विचारत नाही. राउंड पुढच्या बेडकडे सरकला की नातेवाईक सिस्टरला कोपऱ्यात गाठतात, "काय म्हणाले हो साहेब?" इंग्लंडला आले तेव्हा वाटलं होतं, इथली माणसं वेगळी असतील. कुठली! मिडलंड्समधल्या ज्या सरकारी हॉस्पिटलात मी लागले, तिथले म्हातारे इंग्रजही डॉक्टरांना "थँक यू, डॉक्टर" म्हणायचे आणि त्यांची पाठ फिरली की माझ्याकडे बघून भुवया उंचवायचे.

काही वर्षांनी मी त्याच हॉस्पिटलात रिसर्च नर्स झाले. म्हणजे एखाद्या अभ्यासात बसू शकेल असा पेशंट शोधायचा, त्याला माहितीपत्रक द्यायचं, नीट समजवायचं, विचार करायला वेळ द्यायचा आणि तो हो म्हणाला तरच संमतिपत्रावर सही घ्यायची. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने बाबांना फोनवर सांगितलं. सांगलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे तू पेशंटांवर प्रयोग करतेस?"

हा प्रश्न पुढे मला चार भाषांत ऐकावा लागला.

गोष्ट २०१४ ची. आदल्या वर्षी इथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने 'ओके टू आस्क' नावाची मोहीम सुरू केली होती. संशोधनाबद्दल पेशंटने आपणहून डॉक्टरांना विचारावं, विचारलेलं चालतं, इतकंच तिचं म्हणणं. त्याची पोस्टरं आम्ही कॉरिडॉरमध्ये लावली होती. पण कॉरिडॉरमधून चालतात ती धडधाकट माणसं. ज्याला विचारायचं आहे तो बेडवर पडून छताकडे बघत असतो.

आणि त्याच्या डोळ्यांसमोर असायचा तो स्क्रीन. प्रत्येक बेडशेजारी भिंतीतून निघालेला घडीचा दांडा, त्याच्या टोकाला छोटा टीव्ही आणि फोन. २००० साली सरकारने आरोग्यसेवेचा जो मोठा आराखडा मांडला, त्यात २००४ पर्यंत मोठ्या हॉस्पिटलांत बेडपाशी टीव्ही आणि फोन देण्याचं वचन होतं. यंत्रं खासगी कंपन्यांनी बसवायची आणि पैसे वापरणाऱ्याने मोजायचे. त्यामुळे टीव्ही बघायला पैसे, आणि बाहेरून फोन करणाऱ्या लेकीसुनांना तर मिनिटाचा दर ऐकून घाम फुटायचा. पैसे भरले नाहीत तरी स्क्रीन उजळतच राहायचा, आपल्याकडच्या रेल्वे स्टेशनावरच्या वजनाच्या काट्यासारखा. त्यावर कँटीनच्या वेळा, हात धुवा, पुन्हा कँटीनच्या वेळा.

एका पेशंटची एक्स-रेहून परत यायची वाट बघत त्याच्या रिकाम्या बेडशेजारी उभी होते, तेव्हा डोक्यात आलं की यातच आपल्या दोन ओळी का घालू नयेत?

माझा अंदाज होता, आठवडाभराचं काम. लागले चार महिने.

पहिला मजकूर मी लिहिला तो जवळजवळ दोनशे शब्दांचा. प्रसिद्धी विभागातल्या बाईंनी तो वाचून विचारलं, "हे नऊ वर्षांच्या मुलाला कळेल?" नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला समजेल असं लिहावं, असा इथला दंडक आहे. दोनशेचे चाळीस झाले, चाळिसाचे अठरा. दरम्यान आमच्या डॉक्टरांना वाटलं, नाहीतरी लिहितोच आहोत तर चालू असलेल्या अभ्यासांची नावंही टाकू. ते जमण्यासारखं नव्हतं. एखाद्या विशिष्ट अभ्यासासाठी पेशंट बोलवायचे तर तो मजकूर आधी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. कुठल्याही अभ्यासाचं नाव न घेता 'इथे संशोधन चालतं, तुम्ही विचारू शकता' एवढं सांगायला तो खटाटोप नको. नावं गेली. मला बरंच वाटलं.

मग बटणावरून भांडण. माझ्या मनात होतं, स्क्रीनवर 'मला विचारायचं आहे' असं बटण असावं, दाबलं की माझ्याकडे बेड नंबर यावा. माहिती-गोपनीयतेचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "बेड नंबर म्हणजे माणूस. ती माहिती कंपनीच्या यंत्रातून जाणार. कुठे साठणार? कोण पुसणार?" मी महिनाभर त्यांच्यावर चिडून होते. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. बटण गेलं. त्या जागी आली एक ओळ: 'तुमच्या नर्सला विचारा.'

भाषांचं वेगळंच. आमच्या भागात गुजराती आणि पंजाबी वस्ती मोठी. भाषांतरं करून घेतली, कंपनीकडे पाठवली, आणि स्क्रीनवर उमटल्या नुसत्या चौकटी. अक्षर एकही नाही. शेवटी मजकुराचं चित्र करून पाठवलं तेव्हा दिसला. आणि 'ट्रायल'ला गुजरातीत शब्द कोणता? भाषांतरकाराने 'प्रयोग' लिहिलं होतं. मला बाबा आठवले. मी तो शब्द काढायला लावला आणि 'दोन उपचारांपैकी कोणता बरा हे पाहणं' असं लांबलचक घातलं. लांब तर लांब.

चालू करण्याआधी मी एक शहाणपण केलं. रात्रपाळीला रिकाम्या बेडवर चष्मा काढून आडवी झाले. काही म्हणजे काही दिसेना. आमच्या पेशंटांपैकी निम्म्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात किंवा कवळीच्या डबीखाली सापडतात. अक्षरं दुप्पट केली.

२० मे २०१४ ला, मंगळवारी, सुरू झालं. तारीख मुद्दाम धरली होती. १७४७ साली याच दिवशी जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले, दोन-दोनांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं मिळाली ते उठून बसले. जगभर हा दिवस क्लिनिकल ट्रायल्स डे म्हणून पाळतात. त्या बारा जणांना कुणी विचारलं असेल असं मात्र मला वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात एकाही पेशंटने काही विचारलं नाही.

कारण मला सफाईवाल्या मावशींनी सांगितलं. जमैकाच्या होत्या, वॉर्डात काय चाललंय ते मॅनेजरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. म्हणाल्या, लोकांना वाटतं, हेही पैसेच मागतंय. शिवाय रात्री उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ते दांडा वळवून स्क्रीन भिंतीकडे करून टाकतात. अठरा शब्दांत आणखी एक ओळ वाढली: 'याला पैसे पडत नाहीत.' रात्री दहानंतर आमची पाटी बंद. मग कळलं, दोघातिघांनी नर्सला विचारलंही होतं, पण नर्सलाच माहीत नव्हतं काय सांगायचं! चूक सर्वस्वी माझी. चार महिने यंत्राच्या मागे लागले आणि ज्यांना विचारा म्हणून लिहिलं त्यांच्याशीच बोलले नाही. दोन आठवडे रोज सकाळी साडेसातला ड्यूटी बदलताना प्रत्येक वॉर्डात जाऊन उभी राहिले.

नर्सच्या मार्फत पहिला प्रश्न आला तो एका निवृत्त रेल्वेवाल्या आजोबांचा. "न सांगता मला आधीच कशात घातलंय का?" मी सांगितलं, तुमच्या सहीशिवाय नाही, आणि सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येतं, उपचारात फरक पडत नाही. ते म्हणाले, "मग हे आधी का नाही लिहिलं?" खरंच की. लिहिलं.

कुणाला कोणता उपचार ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, ही गोष्ट तेव्हा समजावताना दमछाक व्हायची. पुढे २०२० मध्ये कोविडवरची औषधं अशीच चिठ्ठ्या टाकून तपासणारी 'रिकव्हरी' चाचणी आली. त्या मार्चमध्ये बाबा फोनवर सारखे सांगत होते, "त्या मलेरियाच्या गोळ्या घे, इकडे सगळे घेतायत." जूनमध्ये त्याच चाचणीतून दिसलं की हॉस्पिटलात दाखल झालेल्या कोविडच्या पेशंटांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा, म्हणजे त्याच मलेरियाच्या गोळ्यांचा, फायदा नाही, आणि १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल आला. स्वस्तातलं जुनं स्टेरॉइड, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू त्याने जवळपास एक तृतीयांशाने घटले. आमच्या वॉर्डातल्या पेशंटांच्याही चिठ्ठ्या त्यात होत्या. त्यानंतर बाबांनी 'प्रयोग' हा शब्द माझ्यापाशी काढला नाही.

पण मला सांगायचंय ते 'बा'बद्दल, वॉर्डातल्या एका गुजराती आजींबद्दल. १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललं तेव्हा कंपालाहून आलेल्या, पायाची जखम चिघळल्याने दाखल झालेल्या. एक दिवस त्यांनी मला हाक मारली, दांडा ओढून स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि गुजराती ओळींवर बोट ठेवलं. "बेटा, आ पूछवानुं छे."

त्यांच्यासाठी एक अभ्यास खरंच होता. जखमेवरच्या दोन पट्ट्या, दोन्ही आधीपासून वापरातल्या, कोणती लवकर बरं करते ते बघायचं. मला गुजराती निम्मंअर्धं कळतं, पण संमतीच्या वेळी निम्म्याअर्ध्यावर भागत नाही आणि घरच्यांकरवी दुभाषेपण करवून घ्यायचं नाही, म्हणून फोनवर दुभाषी घेतला. तासभर गेला. बांनी विचारलं, पट्टी कोण ठरवणार? कॉम्प्युटर. डॉक्टरला ठाऊक नाही कोणती चांगली? नाही, म्हणूनच. पट्टी सोडताना जास्त दुखेल? लेकीला रजा काढून किती वेळा यावं लागेल? त्यांचा मुलगा मध्येच आला आणि म्हणाला, "बा, डॉक्टर सांगतील तसं कर ना." बांनी हाताने त्याला थांबवलं.

माहितीपत्रक रात्रभर उशाशी ठेवलं. सकाळी माझ्या हातात परत दिलं, घडी मोडू न देता. "ना."

ऑफिसात येऊन वही उघडली. तारीख, अभ्यास, विचारणा कुठून आली: स्क्रीन. आमच्या पाटीवरून थेट बोलावून विचारणारं पहिलंच माणूस. शेवटचा रकाना होता, नकाराचं कारण. बांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. तो कोरा ठेवला.