पिंगुळीच्या गोठ्यात पहिली-दुसरीची मुलं

लहान मुलांना संग्रहालय दाखवायला न्यायचं म्हटलं की पालक सभेत कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, एवढ्याशा पोरांक थय काय कळतला?" वेंगुर्ले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. हल्ली या प्रश्नावर मी पिंगुळीच्या सहलीचा दिवस सांगते.

पिंगुळी कुडाळला लागूनच आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यानपिढ्या जपल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. देवळात रात्री चित्रं दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं लावायची, हा त्यांचा मान. पुढे प्रेक्षक सिनेमा-टीव्हीकडे वळले आणि चित्रांच्या पोथ्या पेटाऱ्यात गेल्या. परशुराम गंगावणे यांनी मात्र हे सगळं धरून ठेवलं आणि 2006 मध्ये स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता.

मुलांना नेताना मी दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. सकाळीच पोचायचं आणि आत शिरण्याआधी डबा खाऊन घ्यायचा. सहा वर्षांचं मूल भुकेलं असेल तर त्याला साक्षात ब्रह्मदेवाने काढलेलं चित्र दाखवा, ते दप्तराकडेच बघणार. दोघीतिघी आयाही सोबत आल्या होत्या. अंगणात घावणे, चिवडा, पाणी, शू, सगळं उरकलं आणि मगच आत गेलो.

जागा लहान असल्याचा फायदा पहिल्या पाच मिनिटांत कळला. मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात मी पूर्वी मुलं नेली होती. तिथे अर्धा वेळ त्यांना मोजण्यात गेला आणि उरलेला अर्धा "हात लावू नका" ऐकण्यात. इथे कुठेही उभी राहिले तरी प्रत्येक मूल नजरेच्या टप्प्यात होतं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या बाहुल्या बघायला मुलं आपापली पांगली. दशावतारी नाटकं आईच्या मांडीवर बसून बघितलेली ही पोरं, त्यामुळे मुकुट दिसला की राजा आणि सोंड दिसली की गणपती, हे त्यांनीच एकमेकांना सांगून टाकलं. मी गप्प राहिले. माहिती सांगायला लागलं की मुलं चित्राकडे बघायचं सोडून बाईंच्या तोंडाकडे बघतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मग तिथल्या दादांनी मुलांना हाताळता यावं म्हणून काढलेली नवी चित्रं पुढ्यात ठेवली. चित्रकथीतली माणसं बहुतेक बाजूने काढलेली असतात. टोकदार नाक, अंगभर दागिने, आणि एकच डोळा, पण केवढा! कानापर्यंत ताणलेला. दुसरीतला एक मुलगा बराच वेळ एका राक्षसासमोर उकिडवा बसून होता. शेवटी म्हणाला, "बाई, हेचो दुसरो डोळो खय गेलो?"

मी उत्तर द्यायच्या आधी पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "पाठी आसतलो." आणि तिने सरळ कागद उलटला.

मागे राक्षसाचा डोळा नव्हता. मागे दुसरंच चित्र होतं! रथ, त्यात धनुष्य ताणलेला वीर. "बाई, हय दुसराच चित्र आसा!" ती एवढ्याने ओरडली की बाहेर गप्पा मारणाऱ्या आया आत धावल्या. चित्रकथीत दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवतात. एका बाजूचा प्रसंग सांगून झाला की कथेकरी चित्र उलटतो आणि गोष्ट पुढे सरकते. हे मी वाचलेलं होतं, सांगायचंही ठरवलं होतं. पण डोळा शोधायला गेलेल्या मुलीला पाठीमागे गोष्टीचा पुढचा भाग सापडावा, याची सर माझ्या सांगण्याला कुठून येणार?

दादाही खुलले. वीणा, टाळ आणि हुडुक नावाचं चर्मवाद्य यांच्या साथीने हे कसं सादर करतात ते त्यांनी थोडंसं म्हणून दाखवलं, मालवणीत गोष्ट सांगत. प्रत्येक चित्र उलटायच्या क्षणी मुलं आधीच माना वाकडी करून मागे डोकवायला लागली.

छायाबाहुल्यांच्या वेळी तर मुलांची दोन पथकंच झाली. पांढऱ्या पडद्यासमोर बसून बघणारी आणि मागे दिव्यापाशी जाऊन बघणारी. पुढची ओरडली, "रावण मोटो झालो!" मागची ओरडली, "नाय, हय लहानच आसा!" वाद चांगलाच पेटला. शेवटी जागा बदलून घ्यायचं ठरलं. बाहुली पडद्याला टेकवली की सावली रेखीव, दिव्याकडे नेली की मोठी पण धूसर, हे मुलांनी पुढे-मागे धावत स्वतः शोधून काढलं. एक आई मला हळूच म्हणाली, "बाई, माका पण आत्ताच कळला." तिचा चेहरा अगदी मुलीसारखाच फुललेला होता.

तासाभरात दोघं-तिघं पेंगायला लागली, तशी मी सहल आवरली. सगळं बघून झालं नव्हतं. होऊही नये. या वयाला दोन-तीन गोष्टी मनसोक्त बघायला मिळाल्या की पुष्कळ, आणि आपल्याकडे कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात पुन्हा जाण्यासारखं पुष्कळ आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवलेले गोल गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, बघायचेत. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते, प्रत्येक अवताराचे 12. मत्स्य, कूर्म, वराह ओळखत मुलं बाराचा पाढा म्हणतील, असा माझा बेत आहे.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला कागद वाटले, तर प्रत्येकाला चित्र दोन्ही बाजूंना काढायचं होतं. एका बाजूला होडीत बसलेले बाबा, मागे जाळीतली सुंगटां, म्हणजे कोळंबी. एका बाजूला मासे कापणारी आजी, मागे मांजर पळत सुटलेलं. भिंतीवर चिकटवली असती तर अर्ध्या गोष्टी दडल्या असत्या, म्हणून वर्गात आडवी सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगली. मी घाईत एक चित्र उलटून बघायला गेले, तर पहिलीतल्या त्याच मुलीने माझा हात धरला. "बाई, आदी हयसून गोष्ट आयका, मगे परता." मग एकेक मूल आपल्या चित्राशी उभं राहून गोष्ट सांगू लागलं. खिचडी वाढायला मदतनीस ताई दारात येऊन हाका मारत होत्या, आणि अजून निम्म्या मुलांच्या गोष्टी व्हायच्या होत्या.