वीस मीटरच्या आत

टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाचा कागद, हातात आली की नवखा माणूस आधी आपलं गाव शोधतो. मुरलेला माणूस ओढ्यांचा रंग बघतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजाराला एक या प्रमाणाच्या नकाशात बारमाही पाणी निळं, तर उन्हाळ्यात आटणारे ओढे काळे. सह्याद्रीतले बरेचसे ओढे काळेच, म्हणून फेब्रुवारीत काळ्या रेघेच्या भरवशावर बाटली रिकामी करू नये.

मग तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. लगतच्या दोन रेषांत वीस मीटर उंचीचा फरक, दर पाचवी रेषा ठळक, म्हणजे शंभर मीटर. नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. तेव्हा रेषांत मिलिमीटरभरच जागा असेल, तर पन्नास मीटर पुढे सरकताना वीस मीटर चढ. छातीचा भाता होणारच!

वळणाऱ्या रेषांचे बाण होतात. टोक चढाकडे असेल तर तो ओढा किंवा घळ, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. रेषेवरचा आकडा न बघता नुसता आकार वाचणारे सोंड समजून घळीत उतरतात, आणि चूक कळते ती समोर कातळ आल्यावर.

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, म्हणून इथल्या रेषाही पायऱ्यांसारख्या: दाटीवाटीने कडा, मग एकदम मोकळी जागा, पुन्हा दाटी. ती मोकळी जागा म्हणजे पदर. वाडीचे लाल ठिपके बहुतेक तिथेच सापडतात; माती, पाणी आणि गुरांना चरण सगळं तिथेच. पण पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये बिनबोभाट लपू शकतो. नकाशावर सरळ दिसणाऱ्या नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, दोर लागतो तो यामुळेच.

शीटच्या कडाही खोडकर. पुणे ४७ एफ/१४ क्रमांकाच्या शीटमध्ये. तोरणा ४७ एफ/११ मध्ये, आणि शेजारचा राजगड ४७ एफ/१२ च्या अगदी वरच्या काठाला. म्हणजे दोन्ही किल्ले जोडून करायचे, तर दोन कागद हवेत.

समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष आधी वाचावं. पानशेत धरणाच्या आधीच्या शीटवर आंबी नदी नुसती रेघ आहे, जलाशय नाहीच. शिवाय इंचाला मैल या जुन्या नकाशांत उंची फुटांत असते. ती मीटर समजून वाचली, तर तोरणा ४,६०० मीटरचा होऊन थेट हिमालयात जाऊन बसतो.