अर्ध्या एचपीचा हट्ट

मे महिन्यात ठाण्यात एसीची कामं इतकी असतात की मत्स्यटाकीचा फोन आला की मी आधी टाळायलाच बघतो. पण काकांचा आवाज रडवेला होता. "पाणी एकतीसवर गेलंय रे. ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पार आक्रसलाय, क्लाउनफिश वर येऊन धापा टाकतायत. दुकानदार अर्ध्या एचपीचा (हॉर्सपॉवरचा) चिलर, म्हणजे पाणी गार करायचं मशीन, पाठवतोय, तू जोडायला ये फक्त."

संध्याकाळी पोचलो तेव्हा काकू बर्फाचा ट्रे घेऊन टाकीपाशीच उभ्या. त्यांना थांबवलं. बर्फ म्हणजे गोडं पाणी, खारटपणा बिघडला असता. बाटल्या पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितल्या, बुचं घट्ट लावून. खोलीतला एसी सुरू केला आणि हवेचा पंप वाढवला, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. पाणी झटक्यात गार करायचं नव्हतं, रात्रभरात हळूहळू उतरू दिलं.

टाकीत मऊ प्रवाळं होती. (कडक सांगाड्याची आपल्या समुद्रातली प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती कुणी "स्वस्तात देतो" म्हणालं तर लांब राहावं.) प्रवाळाच्या पेशींत शैवाल राहतं आणि बरंचसं अन्न तेच बनवतं. पाणी फार तापलं की ते बाहेर पडतं नि प्रवाळ पांढरं पडतं. २५-२६ अंश बरे.

"पण पुण्यातला माझा भाचा नुसत्या पंख्यावर भागवतो," काका म्हणाले. पुण्यात एप्रिलची हवा कोरडी, पाण्याची वाफ झरझर होते आणि उष्णता घेऊन जाते. इथे आपल्या अंगावरचा घाम वाळत नाही, टाकीचं पाणी कुठून वाळणार? दुसरा सल्ला सोसायटीतल्या फ्रिजवाल्याचा होता, जुन्या वॉटर कूलरची तांब्याची कॉइल पाण्यात सोडायची. त्याला मात्र मी हात जोडले. तांबं खाऱ्या पाण्यात विरघळतं आणि ॲनिमोन, कोळंबी, प्रवाळ सगळ्यांना मारतं. समुद्री पाण्याला टायटॅनियमचीच कॉइल लागते.

सकाळी पाणी २६.२ वर आलं होतं. दुकानदाराला फोन करून मशीन दुपारपर्यंत थांबवायला लावलं. एसी बंद केला, दिवे आणि पंप नेहमीसारखे चालू ठेवले आणि दोन तास थर्मामीटरपाशी बसलो. काकांना हे कंटाळवाणं वाटत होतं, मला याच कामात मजा येते. २७.४ झालं. म्हणजे तासाला ०.६ अंश. ३०० लिटर पाणी, सम्प (मुख्य टाकीला जोडलेली खालची छोटी टाकी) धरून, एक अंश तापायला सुमारे ३५० वॉट-तास लागतात. म्हणजे टाकीत साधारण २१० वॉट उष्णता येत होती.

मग ती येते कुठून ते बघितलं. सम्पमधला, पाणी परत वरच्या टाकीत चढवणारा रिटर्न पंप जुना, ११० वॉटचा. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. तेवढंच पाणी ४० वॉटचा डीसी पंप उचलतो. म्हणजे ७० वॉट तिथेच कमी, वर महिन्याला पन्नास युनिट वाचतात. हे ऐकल्यावर काकू पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळल्या.

उरले १४० वॉट. मेच्या दुपारसाठी दुप्पट धरू, २८० वॉट. दुकानदाराला विचारलं, "एचपी सोडा, ३५ अंशांच्या खोलीत कूलिंग किती वॉट?" तो गडबडला, मग कॅटलॉग शोधून आकडे वाचले. वन बाय टेन एचपीचं मशीन अगदी काठावर पडत होतं, म्हणून त्याच्या वरचं घेतलं. अर्ध्या एचपीचं मशीन चाललंच असतं म्हणा, पण एवढ्याशा पाण्याला ते सतत चालू-बंद होत राहिलं असतं, आणि कॉम्प्रेसरला त्यानेच दुखणी लागतात.

खरी बाचाबाची जागेवरून झाली. काकांना चिलर टाकीखालच्या कपाटात, दार लावून, दिसू नये असा हवा होता. म्हणजे स्वतः बाहेर फेकलेली गरम हवा तो पुन्हा आत घेणार आणि ट्रिप होणार. शेवटी भिंतीला भोक पाडून पाइप सुक्या बाल्कनीत काढले, मशीनच्या दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडली. गरम झोत काकूंच्या कुरडयांच्या ताटावर जातो, त्यावर त्यांची तक्रार नाही.

परवा काकांचा फोन होता, पावसाळा लागला की चिलर बंद करू का म्हणून. नको म्हटलं. दमट हवेत बाष्पीभवन आणखी मंदावतं, सेटिंग २६ वरच राहू दे.