एक शेंग, एक फुली

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गाला सांगून ठेवलं, उद्या येताना सोयाबीनची एक शेंग आणायची. एकच. सोलायची नाही, मोठी बघून निवडायची नाही, हाताला लागेल ती तोडायची. केज तालुक्यातल्या आमच्या वाडीभोवती तेव्हा सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलेलं असतं, त्यामुळे शेंग आणायला कुणाला पैसे लागत नाहीत. पटावरची चोवीस मुलं चोवीस शेंगा घेऊन आली. काहींनी खिसे भरून आणल्या होत्या. त्यांना एक हातात ठेवून बाकीच्या टोपलीत टाकायला लावल्या.

फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि सारख्या अंतरावर १, २, ३, ४ लिहिलं. ज्यानं त्यानं आपली शेंग सोलायची, दाणे मोजायचे, फळ्यापाशी येऊन त्या आकड्यावर एक फुली मारायची. आधी तिथे फुली असेल तर तिच्या डोक्यावर.

याला लाइन प्लॉट म्हणतात. अमेरिकेत तो दुसरीपासून शिकवतात. आधी पूर्ण एककांनी मापलेल्या वस्तू, मग तिसरीला अर्ध्या-पाव इंचाची मापं. मराठीत त्याला रेषालेख म्हणावं तर घोळ होतो, कारण रेषालेख म्हणजे ठिपके रेघेनं जोडलेला आलेख, तो पुढच्या वर्गांत येतो. म्हणून आमच्या वर्गात त्याचं नाव ‘फुल्यांची रेघ’. चित्रालेखापेक्षा मला हा लहान मुलांसाठी जास्त आवडतो. चित्रालेखात एका चित्राची किंमत कधी पाच, कधी दहा असते. इथे एक शेंग, एक फुली. मधे काही लपलेलं नाही.

पाचव्या-सहाव्या मुलापाशी अडलं. त्याची शेंग पोचट निघाली. “मॅडम, हिच्यात काहीच न्हाई.” बाकीची पोरं ओरडायला लागली, दुसरी घे, टोपलीत लई हाईत. तोही टोपलीकडे निघाला होता. मी थांबवलं. त्यानं शेंग आणली होती ना? मग त्याची फुली झालीच पाहिजे. कुठे मारायची ते त्यानंच शोधलं: रेघ डावीकडे वाढवली, शून्य लिहिलं आणि फुली मारली. शून्यावर मी आजवर बरेच तास घेतले आहेत, त्यातला एकही इतका सोपा गेला नव्हता.

सगळ्यांच्या फुल्या झाल्या तेव्हा चित्र भलतंच दिसत होतं. दोनवरचा ढीग तीनवरच्या ढिगापेक्षा उंच! मोजलं तर दोनवर आठ आणि तीनवर अकरा. काही जणांनी हातभर फुल्या काढल्या होत्या, काहींनी मुंगीएवढ्या. फळा पुसला, फिकट आडव्या रेघा ओढल्या आणि एका घरात एक फुली असा नियम केला. वहीत मग चौकटीचं पान वापरलं. आता शून्यावर एक, एकवर तीन, दोनवर आठ, तीनवर अकरा, चारवर एक. बेरीज चोवीस, म्हणजे कुणाची फुली राहिली नाही. ही पडताळणी मी दर वेळी करून घेते.

एवढं काढायला एक तास पुरला. वाचायला मात्र आठवडा गेला, आणि मला सांगायचं आहे ते या आठवड्याबद्दलच.

विचारलं, सगळ्यात जास्त शेंगा कितीदाणी? निम्म्या वर्गानं सांगितलं, “चार!” चार हा आकडा मोठा ना. काही म्हणाले, “अकरा!” तीन हे उत्तर दोघीच देत होत्या. खालचा आकडा शेंगेच्या आतलं सांगतो आणि वरच्या फुल्या किती शेंगा ते सांगतात, हे आपल्याला दिसतं. मुलांना एकाच जागी दोन वेगळ्या मोजण्या दिसतात आणि ती गोंधळतात. मी समजावून सांगितलं, उपयोग झाला नाही. मग प्रत्येक फुलीच्या जागी टरफल ठेवायचं ठरवलं. जमिनीवर खडूनं तीच रेघ ओढली आणि टरफलांचे ढीग लावले. तीनच्या ढिगातलं कुठलंही टरफल उचल, उघड, आत तीन दाण्यांच्या खोबणी. चारच्या जागी एकच टरफल पडलेलं. “चार दाण्यांची एकच हाय व्हय!” असं एकजण म्हणाला, तेव्हा मी फळ्याकडे वळले.

पुढचा प्रश्न, सगळे दाणे किती? कुणी चोवीस म्हणालं, कुणी शून्य ते चारची बेरीज करून दहा सांगितले. दाणे एका परातीत ओतून दहा-दहाचे गट केले. छप्पन्न भरले. ते फळ्यावरून कसे काढायचे, हे एका मुलीला सुचलं. ती पाढ्यांत कच्ची आहे, पण एकेका ढिगावर बोट ठेवत म्हणाली, दोन आठ वेळा सोळा, तीन अकरा वेळा तेहतीस. तीन न् चार मिळवून छप्पन्न. तिला मी सगळ्या वर्गासमोर दोनदा करून दाखवायला लावलं.

त्याच मुलीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, “मॅडम, यातली मही शेंग कोणती?” तिला तीन दाणे निघाले होते. मी म्हटलं, या अकरांतली एक. तिला ते पटलं नाही. तिनं एका फुलीखाली बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं. मी पुसायला सांगितलं नाही.

जानेवारीत पेन्सिली मोजल्या, सेंटिमीटरमध्ये, अर्ध्यापर्यंत. साडेसात सेंटिमीटरच्या पेन्सिलीसाठी एकानं सातवर अर्धी फुली काढली. मग पेन्सिल एक आहे की अर्धी, असं विचारल्यावर सात आणि आठच्या मधे बारीक खूण करून पूर्ण फुली तिथे नेली. साडेसात, अडीच, दीड हे शब्द मुलांच्या घरात रोज असतात. त्यांना फक्त रेघेवर जागा दाखवावी लागते.

एका गटानं दहाच्या शेजारी थेट सतरा लिहिलं. “मधी कुणीच न्हाई, तर कशाला लिवायचं?” त्यांच्या कागदावर एकुलती नवी पेन्सिल बाकीच्यांना चिकटून बसली होती. दहा सेंटिमीटरची आणि ती नवी, दोन्ही पेन्सिली शेजारी शेजारी धरायला लावल्या. मग त्यांनीच अकरा, बारा, तेरा करत रेघ दुसऱ्या कागदावर नेली.

डाव्या टोकाला साडेतीनवर एक फुली होती. त्या मुलाचं अक्षर दिवाळीपासून बिघडलं होतं आणि मी त्याला रोज ओळी लिहायला देत होते. एवढं थोटूक बोटांत धरून कुणाचंही अक्षर बिघडेल. वही तपासताना हे मला दिसलं नाही, त्या फुलीनं दाखवलं. त्याच दिवशी कपाटातली नवी पेन्सिल त्याला दिली.

पेन्सिलींच्या रेघेवर फुल्या पंधराच आहेत. नऊ मुलं दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला गेली. शेंगांचा सप्टेंबरमधला कागद अजून भिंतीवर आहे, चोवीस फुल्यांचा. परवा एकजण त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, “मॅडम, यातल्या नऊ फुल्या कारखान्याला गेल्या.” कोणत्या, ते त्याला दाखवता येईना. नाव लिहिलेली फुली तेवढी ओळखू आली. तीही गेली आहे.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मुलं परत येतील, तेव्हा पेन्सिलींच्या रेघेवर त्यांच्या नऊ फुल्या वाढवायच्या आहेत. मुलांना त्यासाठी आत्ताच घरं आखून ठेवायची होती. कोणत्या आकड्यावर किती, यावर दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणालं, तिकडं लिवतंय कोण, सगळ्यांच्या पेन्सिली लांब राहतील. कुणी म्हणालं, हरवल्या असतील. शेवटी त्यांनी कागदाच्या वरच्या बाजूला आणखी एक कोरा कागद जोडला, सगळ्या आकड्यांवर.