भ भटजीचा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोलच्या पुढे एका पिकअपने माझ्या डोळ्यांदेखत एका मोटारसायकलस्वाराला उडवले आणि ती न थांबता निघून गेली. त्या माणसाचा पाय मोडला होता, पण तो शुद्धीवर होता. त्याला रस्त्याच्या कडेला घेऊन मी पोलिसांना फोन लावला आणि पिकअपचा नंबर सांगितला. नंबरातली अक्षरे ‘बी, डी’ होती आणि शेवटचे दोन आकडे त्रेसष्ट. पलीकडे लिहिले गेले ‘पी, टी’ आणि त्र्याहत्तर. हे कळले अर्ध्या तासाने, तेथे पोहोचलेल्या हवालदारांनी तोच नंबर मला वाचून दाखवला तेव्हा. ऐकणाऱ्याला दोष देता येणार नाही, कारण शेजारून ट्रकची रांग धडधडत चालली होती आणि मी धापा टाकत बोलत होतो. हवालदारांनी वायरलेसचा माइक तोंडाजवळ धरला आणि अगदी सावकाश म्हणाले, ‘‘ब्राव्हो, डेल्टा.’’ त्यानंतर आकडे एकेक करून, सुटे सुटे. पलीकडून तेच शब्द जसेच्या तसे परत आले आणि दुरुस्ती झाली.

तोपर्यंत ए, बी, सी या अक्षरांऐवजी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ म्हणणे ही लष्करी ऐट आहे, किंवा चोरांना कळू नये म्हणून केलेली सांकेतिक भाषा आहे, असे मला वाटत असे. वास्तविक तिच्यात गुप्त असे काहीच नाही. इंग्रजी अक्षरांची नावे फार आखूड आहेत आणि त्यांतली बरीचशी एकमेकांची भावंडे शोभतात: बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. या सर्वांत फरक असतो तो फक्त सुरुवातीच्या निमिषभराच्या व्यंजनाचा, आणि गोंगाटात सर्वांत आधी गडप होते ते नेमके तेच. एफ आणि एस यांचे दुखणे वेगळे आहे. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे जातो, तर ‘स’ची शीळ बरीचशी त्याच्या वर असते, त्यामुळे पलीकडच्या कानाला दोन्ही अक्षरे जवळजवळ सारखीच लागतात. अक्षराऐवजी शब्द उच्चारला की त्याचा एखादा तुकडा खरखरीत बुडाला तरी उरलेल्या तुकड्यावरून तो ओळखता येतो. आजच्या यादीत गोल्फ आणि माइक हे दोन शब्द सोडले, तर एकही शब्द एका झटक्यात उच्चारून संपणारा नाही.

ही यादी कोणा एकाच्या लहरीतून आलेली नाही, हे वाचल्यावर माझा तिच्याविषयीचा आदर वाढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य ‘एबल, बेकर’ म्हणत असे, आणि त्याआधी ब्रिटिश सैन्यात ए या अक्षराला ‘ॲक’ म्हणत, म्हणूनच विमानविरोधी तोफांना ‘ॲक-ॲक’ हे नाव पडले. युद्धानंतर नागरी विमाने देशोदेशी जाऊ लागली, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीचे हे शब्द इतरांच्या जिभेला जड जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल विने यांच्या साहाय्याने इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांना पेलतील असे शब्द शोधले. १९५१ साली वापरात आलेल्या त्या यादीत कोका, मेट्रो, नेक्टर, युनियन आणि एक्स्ट्रा असे शब्द होते. प्रत्यक्ष वापरात नेक्टर आणि व्हिक्टर, तसेच डेल्टा आणि एक्स्ट्रा यांची गल्लत होऊ लागली. मग ३१ देशांच्या लोकांवर चाचण्या घेऊन ते पाच शब्द काढले गेले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. ‘अल्फा’चे स्पेलिंग मुद्दाम एफने करतात आणि ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन टी लिहितात, कारण एकच टी असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. अमेरिकेतील अनेक पोलीस दले मात्र अजूनही ‘ॲडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड’ हीच आपली जुनी यादी चालवतात आणि तिच्यावर त्यांचे भागते. यादी कोणती हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्याकडे ती एकच असली म्हणजे झाले.

आपल्याकडे फोनवर आपण ती यादी जागेवरच जुळवतो. बी फॉर भुसावळ, डी फॉर धुळे, जे फॉर जळगाव, असे मी स्वतः कित्येकदा सांगितले आहे. खानदेशात ते खपूनही जाते. पण नवापूरपर्यंत जाऊन पाहावे. तेथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेथून सुरतेच्या माणसाशी बोलताना सी फॉर चोपडा म्हटले, तर त्या बिचाऱ्याने चोपडा हे गाव आधी शोधावे की अक्षर लिहावे? ठरलेल्या यादीत ऐकणाऱ्याला सव्वीसांपैकी एकच शब्द ओळखायचा असतो. जागेवर जुळवलेल्या शब्दांत त्याच्यासमोर सगळी गावे, फळे आणि पाहुण्यारावळ्यांची नावे उभी राहतात.

आकड्यांच्या बाबतीत तर मराठी माणसाने अधिकच जपायला हवे. बासष्ट आणि बाहत्तर, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्या जोड्यांत सुरुवात सारखी असते आणि फरक शेवटात असतो. तो शेवट खरखरीत गेला की दहांचा फरक पडतो. सुटे आकडे सांगतानाही सात आणि आठ यांच्यात ‘आ’चाच आवाज मोठा येतो. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन यांची अशीच गल्लत होई, म्हणून रेडिओवर त्यांना ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणायची पद्धत आहे.

मग देवनागरीसाठी अशी यादी का नसावी, असा विचार मी त्या दिवसापासून अधूनमधून करतो. गाडीच्या पाटीवर इंग्रजी अक्षरे असतात, तेथे ब्राव्हो-डेल्टा पुरते. गावांच्या नावांना ते पुरत नाही. क-ख, ग-घ, ब-भ या जोड्या रेडिओवर बी-पीइतक्याच फसव्या आहेत. शिवाय शब्द सर्वांच्या तोंडी एकसारखा टिकायला हवा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणतात, तेव्हा पहिलीच्या पुस्तकातले कमळसुद्धा आमच्याकडे कमय होऊन पोहोचण्याची भीती आहे. तरीही त्या पुस्तकाहून अधिक जणांना पाठ असलेली यादी मला दुसरी सुचत नाही.

गेल्या पावसाळ्यात गिरणेला पूर आला असताना भडगाव तालुक्यातील आमच्या नातेवाइकांसाठी मी मदतीचा फोन केला, तेव्हा याचा प्रत्यय आला. नंदुरबार जिल्ह्यात, थेट सातपुड्यात, धडगाव आहे. पलीकडच्या बाईंनी विचारले, ‘‘धडगाव का, दादा?’’ मी दोनदा ‘भडगाव’ म्हटले आणि दोन्ही वेळा त्यांना ‘धडगाव’च ऐकू आले. तिसऱ्यांदा मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, ‘‘ध धनुष्याचा, की भ भटजीचा?’’

‘‘भटजीचा, ताई,’’ मी म्हणालो, आणि त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला: घरात माणसे किती आहेत?